रोवणीआधीच्या गोळ्या

आमच्याकडे माणसाचं वजन करायची पद्धत नव्हती. धानाचं वजन होई, मोहफुलांचं होई, लग्न ठरलं की सोन्याचं होई. मूल जन्मल्यावर एकदा अंगणवाडीत झोळीत टाकून तोललं की पुढे आयुष्यभर त्याच्याकडे नुसतं बघून सांगत: अंगाने भरला, नाहीतर वाळला. ही दोन मापं गावाला पुरत. त्यामुळे सात-आठ वर्षांपूर्वी माझी मोठी बहीण चप्पल बाजूला काढून राईस मिलच्या धानाच्या काट्यावर चढली, तेव्हा मिलमधली निम्मी माणसं हातातलं काम टाकून बघायला आली.

ताई माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. कामठ्याकडच्या एका गावात दिली. मी गोंदियात एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला लागलो आणि तिथेच राहिलो. भाऊजींची चार एकर धानाची शेती, सगळी बांध्यांमध्ये विभागलेली. बांधी म्हणजे चारी बाजूंनी धुरा, म्हणजे मातीचा बांध, घातलेला शेताचा तुकडा, पाणी साठून राहावं म्हणून. आषाढात चिखल झाला की त्या बांध्यांत रोवणी चाले. पंधरा-सोळा बायका एका ओळीत वाकून धानाची रोपं लावत लावत मागे सरकत. गावातल्या सगळ्या शेतांची रोवणी तीच टोळी आळीपाळीने करी. त्या टोळीत धुऱ्याकडची जागा ताईची होती. त्या जागेवरच्या बाईने चाल ठरवायची, गाणं धरायचं, आणि सगळ्यांनी कंबर कधी सरळ करायची तेही तिनेच सांगायचं. ही जागा तिला कुणी दिली नव्हती. तीस वर्षांत कुणी घेतलीही नव्हती. कॉलेजात मी अनेक अध्यक्ष आणि उपाध्यक्ष पाहिले आहेत. त्यांच्या खुर्च्यांवर नावाच्या पाट्या असत, तरी त्यांना रोज धाकधूक असे.

मी रोवणीच्या दिवसांत एखादा रविवार काढून मुद्दाम जाई. धुऱ्यावर बसून चहाची किटली सांभाळणं एवढंच माझं काम. ताईच्या गाण्याला ठरलेले शब्द नसत. ज्याचं शेत, त्याची चेष्टा. मालकाने चहात साखर कमी घातली तर ती दुसऱ्या ओळीपर्यंत गाण्यात येई. भाऊजी स्वतःच्या शेतावरही सुटले नाहीत. ते लांबूनच ओरडत, "गाणं कमी अन् हात जास्त चालू द्या वो!" त्यावर सोळा जणींचं हसणं बांधीवरून असं जाई की बगळे उडत. आता बरेच जण आवत्या करतात, म्हणजे धान सरळ फेकून पेरतात. एक-दोघांनी रोवणीचं यंत्रही आणलं. यंत्र चांगलं काम करतं. ते मालकाची चेष्टा करत नाही, एवढंच.

ताईचं वजन कसं वाढलं ते तिलाही सांगता येत नव्हतं. मधे एक ऑपरेशन झालं, मग मुलाला पुण्याला नोकरी लागली, मग मुलगी सासरी गेली. घरात दोनच माणसं उरली, पण पातेली जुनीच राहिली. आधी बांगड्या घट्ट झाल्या, नंतर गुडघे बोलायला लागले. एका रोवणीत ती ओळीच्या मागे पडली. कुणी काही म्हटलं नाही, आणि तेच तिला लागलं. त्यानंतरच्या उन्हाळ्यात तिने मला फोन केला. "मले डॉक्टरले दाखव. रोवणीआधी."

गोंदियाच्या सरकारी दवाखान्यात गुडघ्यांचा फोटो काढला. डॉक्टर फोटो उजेडापुढे धरून म्हणाले, "मावशी, वजन कमी करा. गुडघ्यावर भार येतोय."

"रोवणीले जाता येईल का?" ताईने विचारलं. तिचा प्रश्न तेवढाच होता.

"आता कशाला रोवणी? मुलगा कमावतोय ना? बसून खा."

बाहेर आल्यावर ती पायरीवर थांबली. म्हणाली, "बसून खाल्लं म्हणूनच तं आली ना मी इथं."

आता योगायोग म्हणा, पण त्याच दिवशी दवाखान्यापासून थोडं पुढे एका औषधाच्या दुकानाच्या नव्या शाखेचं उद्घाटन होतं. रस्त्यावर मांडव, लाल गालिचा, आणि 'भव्य वजन घटवा शिबिर' असा फलक. मंचावर बारा जण होते आणि मंच आठ जणांचा होता. दीपप्रज्वलन झालं, शाल-श्रीफळ झालं. मग वजनाच्या नव्या यंत्राला हळदीकुंकू वाहून हार घालण्यात आला. सूत्रसंचालकाने प्रमुख पाहुण्यांना विनंती केली की पहिलं वजन आपण करून शिबिराचा शुभारंभ करावा. पाहुण्यांनी यंत्राकडे पाहिलं, स्वतःच्या पोटाकडे पाहिलं, आणि नारळ फोडला. भाषणात मात्र त्यांनी तरुणांना तंदुरुस्तीचं महत्त्व पटवून दिलं. मला वाटलं, ताईही माझ्यासारखीच हसत असेल. मी वळून पाहिलं तर ती काउंटरवर पोचली होती.

"दीदी, ये वाला बहुत चल रहा है," दुकानदार सांगत होता. "पर्ची नहीं लगती. एकदम नॅचरल. सुबह दो, शाम को दो."

"अन् फरक कधी पडते?"

"पंधरा दिन में आप खुद बोलोगे."

मी डबी हातात घेतली. छापलेलं वाचणं हाच माझा धंदा. समोर एक जाड बाई आणि एक बारीक बाई होती, आणि त्या दोघी एकच आहेत असा दावा होता. मागे बारीक अक्षरांत, एका तारकेच्या खाली, लिहिलं होतं: संतुलित आहार व नियमित व्यायामासोबत.

"ताई, कमी खा आणि व्यायाम कर असं यातच लिहिलंय. ते केलं तर गोळीचं काम काय उरलं?"

"तू चष्मा लावून डबीवरचं वाच. मले आतलं पाहिजे."

घटकद्रव्यांची यादीही मी वाचली. आठ-नऊ मुळं-पानं होती. त्यांत सोनामुखी होती. हे नाव माझ्या ओळखीचं. दिवाळीचा फराळ संपला की वडील आम्हा दोघांना सकाळी उठवून सोनामुखीचा काढा पाजत. ताई नाक दाबून पिई आणि मी पाटाखाली ओतायला बघे. मग दिवसभर आम्ही दोघं परसाकडच्या वाटेवर एकमेकांना ओलांडत असू. ते नाव वाचून मला वडिलांचा पितळी पेला आठवला, परसातलं सीताफळ आठवलं, आणि मी हसलो. पुढचा विचार करायला हवा होता, तो केला नाही. दोन डब्या घेतल्या.

डबीसोबत आहाराचा कागद मिळाला. त्यावर पहिलीच ओळ होती: भात बंद. ताईने तो कागद देवघराशेजारी चिकटवला आणि शब्दाला जागली. पंधरा दिवसांनी मी गेलो तेव्हा सकाळी पोहे केले होते. दुपारी आयते, म्हणजे तांदळाच्या पिठाची पातळ धिरडी, लसणाच्या चटणीबरोबर. चारला मुरमुरे. संध्याकाळी तिने पेजेचा मोठा वाडगा तोंडाला लावला.

"ताई, हे सगळं तांदूळच आहे."

"तांदूळ कुठं? ताटात भात दिसते का तुले?"

"पेज काय आहे मग?"

"पेज तं पाणी हाये. पाण्यानं कोणी जाड होते का?"

भाऊजी कोपऱ्यातून शांतपणे म्हणाले, "घरात भात नाही शिजत, पण कोठीतला तांदूळ पहिल्यापेक्षा लवकर खाली जाऊन राहिला."

"तुम्ही गप राहा जी. तुमचं कोणी वजन विचारून राहिलं का?"

आमच्या भागात ही चूक मूर्खपणाची मानता येणार नाही. जिथे बारा महिने चारी वेळा तांदूळच वेगवेगळ्या अंगरख्यात समोर येतो, तिथे त्याला ओळखणं अवघड होतं. मीही तर्रीपोह्यांची प्लेट कधी तांदळात धरली नव्हती.

आणि तरीही वजन उतरलं. ते आम्हाला कळलं मिलच्या काट्यामुळे. गोळ्या सुरू करायच्या दिवशी ताई मिलवर जाऊन आली होती. दुकानातल्या यंत्रावर तिचा विश्वास नव्हता. जे यंत्र हार घालून घेतं ते खरं बोलेल कशाला, असं तिचं म्हणणं. मिलवरचा मापारी म्हातारा होता. काट्यावरच त्याचे केस पांढरे झाले होते. मूठभर धान तळहातावर चोळून तो ओलावा सांगे आणि कागदावरचा आकडा नंतर त्याच्याशी जुळे.

ताई चढली तसा तो गंभीरपणे म्हणाला, "बारदाना वजा करू का, वहिनी?" रिकाम्या पोत्याचं वजन वजा करून धानाचं वजन धरतात, त्याला बारदाना वजा करणं म्हणतात.

"माझं लुगडं तुम्हाले बारदाना वाटते काय जी?"

हमाल इतके हसले की एकाच्या पाठीवरचं पोतं खाली आलं.

पंधरा दिवसांनी ती मला घेऊन परत गेली. ताई गुडघ्याचं दुखणं विसरून पुढे चालत होती, मी मागे. काट्यावर जवळपास चार किलो कमी भरले. बातमी आमच्याआधी गावात पोचली. संध्याकाळपर्यंत दोघी जणी अंगणात येऊन मला सांगून गेल्या, "भाऊ, पुढच्या येळी येशीन तं आमच्यासाठी बी आणजो."

मापाऱ्याने मात्र टाळी वाजवली नव्हती. त्याने ताईच्या चेहऱ्याकडे पाहिलं, ओठांकडे पाहिलं, आणि विचारलं, "पोट साफ होते का जी जास्त?"

"होते ना. दिवसातून चार-पाच वेळा. घाण निघून राहिली म्हणते दुकानवाला."

"हा ओलावा गेला, वहिनी," तो म्हणाला. "दाणा होता तेवढाच हाये. ओलं धान चार दिवस उन्हात टाका, पोतं हलकं होते. म्हणून काय दाणा कमी झाला? पावसात ठेवा, फिरून तेवढंच भरते."

"तुमचा काटा धानाचा हाये. माणसाचं तुम्हाले काय कळते?"

"बरं बापा," तो म्हणाला आणि पुढचं पोतं चढवायला सांगितलं.

परतताना मला सोनामुखी पुन्हा आठवली. या वेळी सीताफळ आठवलं नाही. मला तेव्हाच सगळं समजलं होतं. म्हातारा बरोबर होता, डबीवरची बारीक अक्षरं बरोबर होती, आणि चरबी कुठेही गेली नव्हती. पण ताई पुढे मान ताठ करून चालत होती आणि वाटेत भेटेल तिला सांगत होती, "यंदा मी धुऱ्याकडं हाये वो!" तिला थांबवायचं तर डबी मीच आणली होती हेही बोलावं लागलं असतं. मी गप्प बसलो. आयुष्यभर फलक, भाषणं आणि शाली यांना हसण्यात जो वेळ घालवला, त्यातली पाच मिनिटं त्या दिवशी वापरली असती तर बरं झालं असतं.

रोवणी लागली. मी ठरल्याप्रमाणे रविवारी गेलो. भाऊजींच्याच मोठ्या बांधीत काम होतं. आभाळ होतं, पण पाऊस थांबून उकडत होतं. ताई धुऱ्याकडच्या जागेवर उभी होती. तिने लुगडं खोचलं, रोपांची पेंडी डाव्या हातात घेतली आणि वाकली. बाकीच्या पंधरा जणी तिच्याबरोबर वाकल्या. मी किटली हातात धरून उभा राहिलो. मला तेव्हा खरंच वाटून गेलं की गोळ्यांचं काहीही असो, हे झालं ना.

गाणं सुरू झालं. पहिली चेष्टा भाऊजींची, दुसरी माझी. चष्मेवाला भाऊ चिखलात पाय घालत नाही, त्याला पुस्तकातच रोवणी कळते, अशा अर्थाचं काहीतरी. सगळ्या हसल्या. मग तिसऱ्या ओळीला गाणं मधेच तुटलं.

टोळी सवयीने आणखी दोन पावलं मागे सरकली. ताई सरकली नाही. तिच्या शेजारची तिची जाऊ न बघताच म्हणाली, "काऊन वो बाई, रोवून राहिली का बसून राहिली?" आणि बघितलं तर ताई खरोखर बसली होती, कमरेपर्यंत चिखलात, हातातली पेंडी तशीच घट्ट धरून. डोळे उघडे होते पण कुणाकडे बघत नव्हते.

मी चष्म्यासकट चिखलात उतरलो. चौघींनी तिला धुऱ्यावर घेतलं. जावेने तिचं तोंड पुसलं, मिठाची पेज घोट-घोट पाजली आणि तिसऱ्या घोटाला शिव्या द्यायला सुरुवात केली. "मरायचं होतं तं घरी मराव ना वो, आमच्या रोवणीत कायले?" एका हाताने ती ताईला पदराचा वारा घालत होती.

प्राथमिक आरोग्य केंद्रातली डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने सलाईन लावलं आणि विचारलं, "काही औषध चालू आहे?"

ताईने फक्त माझ्याकडे बघितलं. तिला मला वाचवायचं होतं, हे माझ्या लक्षात आलं. मी म्हणालो, "वजनाच्या गोळ्या. मी आणून दिल्या."

डॉक्टरने डबी मागवून घेतली, यादी वाचली. ती ओरडली नाही. तिने साध्या शब्दांत सांगितलं. यात जुलाबाचं औषध आहे. त्याने अंगातलं पाणी आणि क्षार जातात, वजन तेवढं कमी दिसतं. पाणी प्यायलं की ते परत येतं. भूक मारणाऱ्या, चरबी जाळणाऱ्या म्हणून दुकानात अशाच मिळणाऱ्या बाकीच्या गोळ्यांतही फार काही हाती लागत नाही, आणि काहींत डबीवर न लिहिलेलं औषधही निघतं. वजन उतरतं ते थोडं कमी खाऊन, थोडं चालून, महिनोन् महिने. "आणि मावशी, पोहे म्हणजे तांदूळच."

ताई मला म्हणाली, "तूच सांगतलं असशील हिले." मी काहीच सांगितलं नव्हतं. ती मुलगी याच जिल्ह्यातली होती.

मग ताईने तिचा एकच प्रश्न विचारला. "रोवणीले जाता येईल का?"

"यंदा नाही."

"पुढच्या वर्षी?"

डॉक्टरने गुडघ्यांवर हात ठेवून ते जरा वाकवून पाहिले. "बघू," ती म्हणाली.

घरी येताना ऑटोत ताई बाहेर बघत होती. म्हणाली, "'बघू' म्हणजे नाई. एवढं मले कळते."

मी म्हणालो, "त्या डबीत सोनामुखी आहे हे मी दुकानातच वाचलं होतं."

तिने लुगड्यावरचा वाळलेला चिखल नखाने खरवडला. मग म्हणाली, "बाबूजी पाजत तेव्हा तू पाटाखाली ओतत होता. मी कधी सांगतलं नाई त्यांना." आणि पुन्हा बाहेर बघायला लागली. याला माफी म्हणायचं की हिशेब, मी अजून ठरवलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी धुऱ्याकडच्या जागेवर जाऊ उभी राहिली. त्यात समारंभ नव्हता. कुणीतरी उभं राहायला हवं होतं, चिखल थांबत नाही. ताईने धुऱ्यावर पिढा टाकला आणि बसून राहिली. पहिले दोन दिवस ती गायली नाही. तिसऱ्या दिवशी पुरुष रोपं उपटून पेंड्या बांधत होते तिथे ती पिढा घेऊन सरकली आणि त्यांच्यात बसून पेंड्या बांधू लागली. एरवी ते काम त्या गावात पुरुषांचंच. दुपारपर्यंत त्यांच्यातल्या प्रत्येकाच्या चेष्टेचं गाणं झालं होतं, आणि भाऊजी दुसऱ्या बांधीत काम काढून निघून गेले.

शेवटच्या दिवशी मी रजा टाकून गेलो होतो. रोवणी संपली की टोळी मालकाला चिखल लावते आणि गोड खायला मागते. भाऊजींना आधीच पकडून ठेवलं होतं. पण जावेने सगळ्यांना थांबवलं. शेवटच्या बांधीत, धुऱ्याला लागून, खाटेएवढा कोपरा मोकळा ठेवला होता.

"चाल वो बाई," जाऊ ताईला म्हणाली. "तेवढं राहून गेलं."

"राहून गेलं का ठेवलं?"

"आता उठते का सगळ्यांच्या अंगावरचा चिखल वाळू देते?"

दोघींनी धरून तिला चिखलात उतरवलं. ती वाकली. तिला मागे सरकता येईना, म्हणून हात पोचेल तेवढ्यात ती रोपं टोचत राहिली. एवढ्याशा जागेला जेवढा वेळ लागला तेवढ्यात टोळीने निम्मी बांधी लावली असती. कुणी घाई केली नाही. मधेच कुणीतरी म्हणालं, "बाई, दिवाळीपर्यंत होते ना?" ताई वाकूनच म्हणाली, "तू जेवून ये." तिला वर काढायला चौघी लागल्या. ती धुऱ्यावर पाय पसरून बसली आणि त्या कोपऱ्याकडे बघत राहिली. पुढच्या वर्षी तिने 'जाता येईल का' असं कुणालाही विचारलं नाही, पिढा घेऊन सरळ पेंड्या बांधायला बसली.

वजन पुढे दोनेक वर्षांत थोडं उतरलं, चहातली साखर गेल्यावर आणि पोहे आठवड्यातून एकदाच व्हायला लागल्यावर. गुडघ्यांनी तेवढ्यावर भागवून घेतलं. दुकानाची ती शाखा जोरात चालते. आता तिथे वेगळ्या रंगाची डबी आहे, आणि तिच्यावरही दोन बायका आहेत.

गोळ्यांच्या त्या वर्षी कापणीलाही मी गेलो होतो. ताईचा कोपरा सगळ्या बांधीत वेगळा दिसत होता. रोपं इतकी जवळ जवळ लावलेली की धान झुडपासारखं माजलं होतं, आणि लोंब्या मात्र बारीक. भाऊजी विळा घेऊन वाकले, दोनदा प्रयत्न केला, उभे राहिले.

"इथं विळा नाही शिरत," ते म्हणाले.

ताई धुऱ्यावरून म्हणाली, "मंग हात घाला."

भाऊजींनी विळा कमरेला खोचला आणि मूठ मूठ धान उपटायला लागले.